उघड्या डोक्याचा फोटो

भवानीनगरच्या अलीकडच्या वस्तीवर गेणबाला एरवी फेट्याशिवाय पाहिलेला माणूस शोधूनही सापडला नसता. झोपताना फेटा उशाशी असायचा आणि सकाळी डोळे उघडायच्या आधी हात तिकडं जायचा. कधीकाळी दारात मेंढरं होती, आता थोडा ऊस आणि दोन म्हशी. फेटा मात्र तसाच, पांढऱ्या मलमलीचा, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला.

त्याची एकुलती एक लेक सृष्टी नर्स झाली आणि माल्टा नावाच्या बेटावर नोकरीला गेली. बेट म्हणजे काय, हे गेणबानं उजनीचं पाणी बघून ठरवून टाकलं होतं. "धरणात मधीच टेकाड उभं ऱ्हातं न्हवं, तसंच असंल की!" त्या टेकाडावर लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्याकडची रीत. पण डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केली. जावई ज्ञानेश जहाजावर, आज घरी तर उद्या समुद्रात. आणि जिच्यामुळं माहेराला माहेर म्हणायचं, ती गेणबाची बायको हौसाबाई दोन वर्षांपूर्वीच गेलेली. गेणबानं फोनवर सांगून टाकलं, "मंग म्या येतो. आता माहेर म्हंजी म्याच."

हसणारे पोटभर हसले. बाप कुठं बाळंतपण करतो का? पण अडलेल्या मेंढ्या रात्र रात्र जागून सोडवलेल्या माणसाला कसली आली लाज! थोरल्या बहिणीकडून, सारजाआक्काकडून, तो अळिवाची खीर शिकला, शेक-शेगडी शिकला. बाळाला न्हाऊ कसं घालायचं, हे शिकायला पाय पसरून त्यावर वरवंटा घेतला आणि त्यालाच तेल लावून चोळून काढलं. "मान धर, मान!" आक्का ओरडायची, आणि गेणबा घाबरून वरवंट्याची मान धरायचा.

मग व्हिसाचं सुरू झालं. सृष्टीचं बोलावणं आलं, तेही सहीशिक्क्यानिशी. आक्काला ते काही पटेना. "लेकीकडं जायाला लेकीचीच चिठ्ठी?" विमा झाला, बँकेचे कागद झाले, सातबारा झाला. फोटो स्टुडिओवाला दादासो अर्ज भरून द्यायचा. त्यानं विचारलं, "आबा, तीन म्हैन्याच्या आत माघारी येणार, ह्याला पुरावा काय लावू?" गेणबा म्हणाला, "म्हशी हायत की." परतीच्या तिकिटाचा कागद लावून दादासोनं ते निभावलं आणि कॅमेरा उचलला.

"आता फोटो. तेवढा फेटा काढा."

"का?"

"त्येंचा नियमच हाय, आबा. डोस्कं उघडं पायजे. पासपोर्टातबी तसाच हाय की."

गेणबा ताडकन उठला. पासपोर्ट काढला तेव्हा हौसाबाईचं तेरावं नुकतंच झालं होतं. तिच्या तिरडीमागून चालताना त्यानं फेटा उतरवला होता आणि डोक्यावरचे केसही दिले होते. मयताच्या मागं जाणाराच डोकं उघडं करतो. "पोटुशी लेक हाय माझी," तो म्हणाला, "तिच्या दारात म्या सुतक्याचं त्वांड घिऊन जाऊ?"

दादासोनं वाट काढून बघितली. धर्मासाठी फेटा घालतो असं लिहिलं, तर चालायचं. "देवानं कवा सांगितलं मला फेटा घाल म्हणून? खोटं न्हाय लिवायचं," असं म्हणून गेणबा घरी गेला.

फोटोवाचून अर्ज अडला. मुंबईत व्हिसाचे कागद द्यायची तारीख जवळ आली, ती चुकली तर बाळंतपणानंतरचीच मिळायची. "फोटोचं काय जमंना," एवढंच त्यानं लेकीला कळवलं. "ऱ्हाऊ द्या आबा, करते मी सगळं एकटी," ती म्हणाली. लहानपणी पडली तरी लागलं नाही म्हणणारी पोर ती. बापाला तो आवाज बरोबर कळला. त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली नाही. लेकीवर त्याचा जीव होता आणि रीतसुद्धा त्याच्या हाडात मुरलेली होती. बिचाऱ्यानं करावं तरी काय?

आक्का शेजारी येऊन बसली. "गेणबा, सृष्टी झाली तवा तुजा फेटा कुटं हुता रं?"

मेंढरं घेऊन बिऱ्हाड कोकणाकडं निघालं होतं. घाटातच हौसाबाई अडली आणि झाडाखाली मोकळी झाली. कपड्यांचं गाठोडं लादलेलं घोडं पार पुढं गेलेलं. बोचऱ्या वाऱ्यात पोर कुडकुडायला लागली, तेव्हा गेणबानं डोक्यावरचा फेटा ओढून तिला त्यात गुंडाळलं होतं.

"दिसभर बोडका हिंडत हुतास," आक्का म्हणाली, "आन् येड्यावानी हसत हुतास. तवा कोण मेलं हुतं?"

गेणबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तसाच उठला आणि स्टुडिओत जाऊन बसला. फेटा उतरवून मांडीवर घेतला, आणि आता दादासोची पंचाईत झाली.

"आबा, हसू नगा. हसल्याला फोटो चालत न्हाय त्यास्नी!"

व्हिसा आला. जायच्या आदल्या दिवशी गेणबानं फेटा पुन्हा धुतला, कडक उन्हात वाळवला आणि बांधला. माल्टाच्या विमानतळावरचा साहेब एकदा पासपोर्टाकडं बघे, एकदा फेट्याकडं. त्यानं काही म्हणायच्या आत गेणबानं आपणहून फेटा उतरवला. शिक्का पडला. गेणबानं फेट्याची नीट घडी केली आणि उराशी धरून तसाच चालू लागला.

काचेचं दार सरकलं. पलीकडं पोटावर हात ठेवून सृष्टी उभी होती. बापाचं उघडं डोकं पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आबा, काय झालं? आत्या... कोण गेलं?"

"कोण न्हाय गेलं, बाळा. आक्का धडधाकट हाय." त्यानं घडी तिच्या हातात ठेवली. "तुला गुंडाळलं तवा घामानं भिजल्याला हुता. ह्या खेपंला धुऊन आणलाय."