थेल्मा हॅलमच्या हातचं

क्लिफर्डने पहिला घास तोंडात घेतला, जरा वेळ तसाच गालात धरला आणि सावकाश गळ्यातल्या रुमालावर थुंकून टाकला.

"हे कुणी केलंय?"

"मी केलंय, क्लिफ," थेल्मा म्हणाली. "तुझं क्रम्बल. खाली आपल्याच झाडाची सफरचंदं, वर लोण्या-पिठाचा चुरा."

"थेल्माचं असं नसतं."

"अरे, मीच थेल्मा."

त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, तिकीट तपासनीस पाहतो तसं. मग वाटी तिच्याकडे सरकवली. "बाई, उगाच कुणाचंही नाव सांगू नका. माझी बायको असलं करत नाही. घेऊन जा हे."

तेंडाई, केअर होममधली त्याचं सगळं पाहणारी नर्स, दारात उभी होती. तिने हलकेच मान हलवली. "सकाळी लापशीसुद्धा नाही घेतली. दोन दिवस नुसता चहा. महिन्याभरात चार किलो उतरलाय, मिसेस हॅलम."

थेल्माने वाटीवर झाकण घातलं, ती पिशवीत ठेवली, क्लिफर्डच्या गळ्यातला रुमाल सोडून त्याचं तोंड पुसलं. त्याने पुसू दिलं. अनोळखी बाईने पुसलं तर माणूस जेवढा अवघडतो तेवढा अवघडून बसला, एवढंच.

तिला गाडीतून नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे होतं, मंगळवार आणि शुक्रवार. आमच्या दोन घरांत एकच भिंत. मी सात वर्षांपूर्वी या गावात राहायला आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून ठोठावल्याचा आवाज आला, आणि पाच मिनिटांनी ही ठेंगणी बाई दारात उभी. "बदका, उपाशी झोपू नकोस," असं म्हणून हातात गरम भांडं देऊन गेली. ट्रेंट नदीच्या या पट्ट्यात सगळे सगळ्यांना बदकच म्हणतात, पोलिसालासुद्धा. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर निळ्या शाईत 'थे. हॅलम'. इथे प्रत्येक बाईच्या भांड्याला अशी पट्टी असते. भांडं कुठेही जावो, रिकामं होऊन घरी परत यायला हवं.

त्या मंगळवारी गाडी सुरू केली तरी ती पट्टा न लावताच बसून राहिली.

"शुक्रवारी सही करून टाकते," ती म्हणाली.

कसली सही ते मला माहीत होतं. मुलगा ग्रॅहम लीड्सला राहतो. त्याने तिथल्या एका मोठ्या होममध्ये बापासाठी जागा धरून ठेवली होती. चोवीस तास नर्स, जेवत नसलेल्यांना भरवायला वेगळी माणसं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. इथून लीड्स म्हणजे तीन गाड्या बदलायच्या, आणि थेल्माचं कमरेचं हाड असं की चॅपेलच्या, गावातल्या छोट्या चर्चच्या, पायऱ्यासुद्धा ती कठडा धरून चढते.

"म्हणजे तुम्ही भेटायला कधी जाणार?"

"नाताळला. ईस्टरला. ग्रॅहम न्यायला येईल तेव्हा." तिने पट्टा ओढला, तो अडकला, तिने पुन्हा ओढला. "इथे ठेवायचा हट्ट माझाच होता ना. म्हटलं, माझं तोंड विसरला तर विसरू दे, माझ्या हातचं तर ओळखतो. जेवेना म्हणून कितीतरी दिवसांनी क्रम्बल आणलं, तर आता तेही गेलं. मग इथे काय आणि लीड्सला काय. त्याला कुठे फरक पडतोय."

मी गाडी चालवत राहिले. उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं. कारण क्लिफर्ड काहीच विसरला नव्हता. ते क्रम्बल खरंच थुंकण्यासारखं होतं. मला ठाऊक होतं, चॅपेलचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ग्लेनिसला ठाऊक होतं, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. फक्त थेल्माला नव्हतं.

तीन हिवाळ्यांपूर्वी तिला जबरदस्त फ्लू झाला. बरी झाली, पण वास गेला. तिने कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते नासक्या दुधावरून. तिने माझ्या चहात ओतलं आणि स्वतःच्याही, आणि स्वतःचा पिऊन टाकला. जिला पन्नास वर्षं लोक 'बाईच्या हाताला चव आहे' म्हणत आले, ती कशी सांगेल की मला काही कळेनासं झालंय? तिला जिभेवर लागायची ती फक्त लवंगेची चुणचुण. म्हणून चिमूटभर लवंगपूड अर्धा चमचा झाली, मग चमचा, मग दोन.

त्या शरदात चॅपेलमध्ये सुगीचं जेवण होतं. लांब टेबलं, ओळीने भांडी, आणि मध्ये थेल्माचं क्रम्बल नेहमीच्या जागी. मी पहिला चमचा खाल्ला आणि दाताच्या डॉक्टरकडून उठून आल्यासारखा जबडा बधिर झाला. शेजारी ग्लेनिस वॉपल बसली होती. चॅपेलच्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या तिच्याकडे असतात. ती ओठ न हलवता म्हणाली, "कस्टर्ड जास्त घे आणि चावू नकोस." मग मान वळवून मोठ्याने, "थेल्मा, दरवर्षीपेक्षा छान झालंय गं." टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे म्हणाले, छान झालंय.

ग्लेनिसने उरलेलं सगळं बादलीत खरवडलं, भांडं लख्ख घासलं आणि थेल्माच्या हातात दिलं. "बघ, कण उरला नाही." तेव्हापासून तीच पद्धत पडली. नाताळ, मयताचा चहा, लहान मुलांची सहल. बादली, घासणी, कण उरला नाही. एकदा ग्लेनिसने ते आपल्या कोंबड्यांना घातलं. "त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या," ती सांगत होती, "जसं काही मी त्यांचं भाडं वाढवलंय." आम्ही हसलो. मीही हसले.

आता हसू येत नव्हतं. मी बुधवारी ग्लेनिसकडे गेले.

"तिला सांगायला हवं."

"काय सांगायचं?" ती भोपळे मोजत होती, शनिवारच्या सुगीच्या जेवणासाठी.

"की क्लिफर्डचं बरोबर आहे. तो तिला थेल्माच्या हातचं कसं नसतं ते सांगतोय, म्हणजे कसं असतं ते त्याला आठवतंय. आपण खोटं बोललो म्हणून ती त्याला पाठवून द्यायला निघालीय."

"आपण खोटं नाही बोललो, आपण चांगलं वागलो."

"दोन वर्षं?"

"हे बघ, बदका." ग्लेनिसने भोपळा खाली ठेवला. "नवरा गेल्यातच जमा. मुलगा लांब. तिच्याकडे राहिलंय काय, तर ते एक भांडं. तू जाऊन म्हणणार, थेल्मा, तेही नाही. मग ती उद्या सकाळी कशासाठी उठेल?"

मी निघाले. फाटकापर्यंत आले तेव्हा ती मागून म्हणाली, "आणि माझं नाव घेऊ नकोस."

गुरुवारी दुपारी भिंतीवर ठोठावलं गेलं. मी गेले तर थेल्मा टेबलाशी उभी. बागेतल्या शेडमधली ब्रॅम्ली सफरचंदं तिने काढून आणली होती, मुठीत न मावणारी, हिरवीगार, आंबट. क्लिफर्डने लावलेलं झाड. शेवटचं एकदा करून नेणार होती. चुकून खाल्लंच तर, असं म्हणाली नाही, पण म्हणायचं तेच होतं.

ती पिठात लोणी चोळत होती. फक्त बोटांच्या टोकांनी, तळव्याला लागू न देता, वर उचलून सोडायचं, की जाड रव्यासारखा चुरा पडतो. तिचे हात कायम गार. त्या हातांमुळेच तिला एकोणिसाव्या वर्षी कोळशाच्या खाणीच्या कॅन्टीनमध्ये घेतलं. गरम हातात लोणी वितळतं आणि चुऱ्याचा गोळा होतो. तीनशे माणसं काळ्या तोंडाने वर येऊन जेवायची आणि ताटं मुकाट्याने परत करायची. पहिल्याच आठवड्यात एकजण ताट घेऊन खिडकीशी आला आणि म्हणाला, "कस्टर्डात गुठळी आहे." तो क्लिफर्ड. "सगळ्यांनी खाल्लं, यालाच दिसली," थेल्मा सांगायची. "म्हटलं, या माणसावर नजर ठेवायला हवी." पुढच्या वसंतात लग्न झालं.

तिने लवंगपुडीची बाटली उचलली. एक चमचा. दुसरा.

"मिसेस हॅलम, बस झालं."

"अजून कुठे, वासच नाही आलाय." म्हणाली आणि थांबली.

"तुम्हाला वास येतच नाही," मी म्हणाले. "फ्लूपासून. आणि लवंग इतकी असते की जीभ बधिर होते. क्लिफर्ड खोटं नाही बोलला. खोटं आम्ही बोललो."

तिचा चमचा हवेतच होता. तिने तो बाटलीत परत घातला, झाकण लावलं, घट्ट.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"सगळे?"

मी मान डोलावली.

"पण भांडं रिकामं यायचं." ती विचार करत होती. मला तिच्या चेहऱ्यावर एकेक जेवण मागे जाताना दिसत होतं. "ग्लेनिस घासायची."

मी लवंगपुडीची बाटली लांब सरकवली.

"आर्थर पिकच्या मयताला मी दोन भांडी केली होती," ती म्हणाली. "त्याची बायको रडत रडत म्हणाली, थेल्मा, तुझ्यामुळे आज पोटात काहीतरी गेलं." मग हात पुसले, दोन्ही बाजूंनी. "घरी जा तू."

"मिसेस हॅलम..."

"जा म्हटलं ना."

संध्याकाळभर भिंतीपलीकडे काहीही वाजलं नाही. ना रेडिओ, ना किटली. मी भिंतीला कान लावून बसले होते हे सांगायला लाज वाटते. ग्लेनिसचं वाक्य डोक्यातून जाईना, उद्या सकाळी कशासाठी उठेल.

सकाळी सात वाजता दार वाजलं. थेल्मा, अॅप्रनमध्ये, हातात वाटी, वाटीत शिजवलेली सफरचंदं.

"तोंड उघड," ती म्हणाली. "आणि छान झालंय म्हणालीस तर हीच वाटी डोक्यात घालीन."

मी चव घेतली. "आंबट आहे."

"आंबट म्हणजे किती? डोळे मिटण्याइतकं की गाल आत ओढण्याइतकं?"

"गाल."

"अजून दीड चमचा साखर." ती निघाली. "ये मागून. मला आज तुझी जीभ लागणार आहे, तू नाही."

दोन तास तिने माझ्याशी एवढंच बोलणं ठेवलं. लवंग? अजून चिमूट. पुरे. लोणी शिळं आहे का बघ. शिळंच होतं, मी दुकानातून नवीन आणलं. ओव्हनसमोर स्टूल टाकून मला बसवलं आणि विचारत राहिली, कडेला साखर जळल्याचा वास आला का? आता? आता? आला तेव्हा मी म्हणाले, आणि तिने भांडं बाहेर काढलं. कडेने तपकिरी रस वर येऊन बुडबुडत होता. तिने त्यावर झुकून खोल श्वास घेतला, सवयीने, आणि तशीच सरळ झाली.

केअर होममध्ये क्लिफर्ड खिडकीशी होता. तिने वर कस्टर्ड ओतलेली वाटी पुढे केली आणि भरवायला गेली नाही, चमचा त्याच्या हातात दिला. त्याने पहिला घास घेतला. गालात धरला. तेंडाईने रुमाल हातात तयार ठेवला होता.

त्याने गिळला. मग दुसरा. मग कडेचा चिकट तुकडा चमच्याने खरवडून काढला, कारण त्याला आधीपासून तोच आवडायचा. अर्धी वाटी झाल्यावर थांबला आणि थेल्माकडे पाहिलं.

"हे थेल्माचं," तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही ओळखता तिला?"

थेल्माने त्याच्या हनुवटीवरचा रस पुसला. "ओळखते."

"तिला सांगा, कस्टर्डात गुठळी आहे."

"सांगते," ती म्हणाली.

गाडीत आल्यावर तिने पिशवीतून ग्रॅहमने पाठवलेला कागद काढला, चार घड्या घातल्या आणि परत ठेवला. मग फोन लावला. "ग्रॅहम, मी सही करत नाहीये. तुझ्या बापाने आज खाण्याला नाव ठेवलं." पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं. "नाही, मला नाही ओळखलं," ती म्हणाली. "मी तुला विचारत नाहीये, सांगतेय." आणि ठेवून दिला.

वळणावर मी विचारलं, "गुठळी खरंच राहिली होती?"

"तीस वर्षं कॅन्टीन चालवलंय मी." ती खिडकीबाहेर पाहत होती, चेहरा मला दिसत नव्हता. "माझ्या कस्टर्डात गुठळी चुकून राहत नाही."

शनिवारी सुगीच्या जेवणाला ती येणार नाही असं मला वाटलं होतं. आली. कठडा धरून पायऱ्या चढली, कोट काढला, पिशवीतून भांडं काढून गोडाच्या टेबलावर मधोमध, नेहमीच्या जागी ठेवलं. लख्ख घासलेलं, कोरडं, रिकामं.

टेबलाभोवतीच्या माना एकेक करून भांड्याकडे वळल्या.

"थेल्मा," ग्लेनिस म्हणाली. तिच्या हातात चमचा होता, वाढायचा. "थेल्मा, यात काही नाही गं."

"हो," थेल्मा म्हणाली. "म्हटलं, तुझं घासायचं काम वाचेल."

आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसली.