शहाताची निळी

कैरोच्या शुब्रा भागातल्या आमच्या गल्लीत शहाताचं इस्त्रीचं दुकान. दिवसभर लोकांचे कपडे कडक करायचे आणि ऊन कललं की गच्चीवर कबुतरांत जाऊन बसायचं, हेच त्याचं आयुष्य. समोरच्या गच्चीवर मुतवल्लीची कबुतरं. हा गल्लीच्या तोंडाशी उसळ विकायचा. कोणाचं पाखरू चपळ यावरून दोघांची वीस वर्षं हमरीतुमरी.

शेवटी पैज लागली, नुसती इभ्रतीची. दोघांनी गाडीने दूर दक्षिणेला मिन्याला जायचं, दुपारी बाराला एकेक पाखरू सोडायचं. आधी घरी पोचेल त्याचा मालक जिंकला. पंच म्हणून मला बरोबर घेतलं.

बकरी ईदला तीन दिवस होते. सातची गाडी कैरोहून साडेदहाला सुटली. गावी निघालेलं अख्खं शहर तिच्यात कोंबलेलं. माणसं सामानाच्या फळ्यांवरसुद्धा आडवी. शहाता एका पायावर, त्याच्या निळ्या कबुतरीचा पिंजरा डोक्यावर.

"काका, ती कोंबडी खाली घ्या की!"

"कोंबडी असेल तुझ्या घरी! ही माझी निळी आहे."

अर्ध्या वाटेवरचं बनी सुएफ स्टेशन यायच्या आत गाडी शेतात थांबली ती थांबलीच. पुढे मालगाडी बंद पडलीय म्हणे. एक वाजला. शहाता घामाघूम झाला.

"मिन्याहून सोडली तर वाटेतच अंधार पडेल. अंधारात पाखरू उडत नाही."

"मग हार मान ना!" मुतवल्ली खदखदला.

"हरतोय कोण? इथूनच सोडू!"

हे डबाभर ऐकू गेलं आणि एकच गलका उठला. अर्धा डबा निळीकडून, अर्धा मुतवल्लीच्या लाल नराकडून. पिंजरे डोक्यांवरून, हातोहात खिडकीकडे निघाले.

"हळू रे मेल्यांनो, जीव आहे त्यात!" काळ्या झग्यातली एक आजी ओरडली.

मी एक, दोन, तीन म्हणालो. दोन्ही पाखरं फडफडत वर गेली, गाडीवर एक घिरटी घेतली आणि उत्तरेला लागली. लोकांनी अशा आरोळ्या ठोकल्या की शेतातली म्हैस उधळली.

मग दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारायचं, "पोचली का हो?"

दीड तासाने शहाताच्या बायकोचा, नजाफाचा, फोन आला. त्याने तो उंच धरला.

"अहो, निळी आली! आणि तिच्या मागोमाग मुतवल्लीभाऊंचा लाल नरही आपल्याच गच्चीवर उतरला. जाळं टाकून धरलाय मी!"

डबा फुटायचाच बाकी राहिला. मुतवल्लीचा चेहरा पडला.

"शहाता... माझा लाल्या..."

"गल्लीचा कायदा काय सांगतो?"

"ज्याने धरला, त्याचा," तो पुटपुटला.

शहाताने फोन बंद केला. मग म्हणाला, "ईदला जेवायला ये. जाताना तुझा लाल्या घेऊन जा."

मुतवल्लीला त्याला मिठी मारायची होती, पण हात वर काढायलाच जागा नव्हती. आजीने टोपलीतली उकडलेली अंडी काढली आणि थेट दोघांच्या तोंडात घातली. गाडी अजून हललेली नव्हती.