वांग्यांवरच्या मिरच्या

ज्या मशीनने मला चोर ठरवलं ते अजून तिथंच उभं आहे. जळगावात, हायवेलगतच्या त्या मोठ्या थंडगार दुकानात, भाजीकडून बाहेर पडताना डाव्या हाताला. रस्त्याने जाताना काचेतून त्याचा हिरवा दिवा दिसतो आणि माझ्या मस्तकात तिडीक जाते. बायको म्हणते, विसरा आता. मी विसरायला तयार आहे, पण आधी त्याने माफी मागावी.

ज्यांना इथली रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या दुकानात बिल करायला माणूस नसतो. सामान आपण उचलायचं, आपणच मशीनच्या लाल उजेडासमोर धरायचं, आपणच बाजूच्या ताटावर मांडायचं, पैसेही आपणच फोनवरून भरायचे. पिशवी घरची. म्हणजे दुकानातल्या नोकराचं सगळं काम गिऱ्हाइकाने करायचं, पगार मागायचा नाही, आणि एवढं करून संशय कोणावर, तर त्याच गिऱ्हाइकावर. कारण ते ताट साधं नाही, तो वजनकाटा आहे. ठेवलेल्या वस्तूचं वजन मशीनच्या मनातल्या वजनाशी जुळलं नाही की ते लाल होतं आणि बोंबलतं. मी जन्मभर सरकारी खात्यात नोकरी केली. तिथंही माझ्या कामावर इतकी बारीक नजर कोणी ठेवली नव्हती.

तरी त्या दुकानात मी गेलो, आणि आपण होऊन गेलो. तेव्हा मला ते मशीन चक्क आवडायचं. कारण ते काही विचारत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. शेठजींचे आजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासून त्या गादीवर बसून या घराण्याने गल्लीतलं एकही लग्न, बारसं किंवा भांडण चुकवलेलं नाही. रवा नेहमीपेक्षा जास्त मागितला की शेठजी चष्म्यावरून बघतात. कोण येतंय, कुठून येतंय, जेवणार की नुसता चहा, हे विचारून झाल्याशिवाय पुडा बांधत नाहीत. भाजीवाली मावशी तर विचारतही नाही. भरताची वांगी किती घेतली त्यावरून पंगतीत किती माणसं ते ओळखते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगते.

आणि आम्हाला त्या दिवशी बोभाटा अजिबात नको होता. मुलीचं लग्न जमू घातलं होतं. याआधीचं स्थळ जमायच्या आधीच गल्लीभर झालं, कोणीतरी तिकडे फोन करून काहीबाही सांगितलं, आणि ते मोडलं. पोरगी महिनाभर आमच्याशी धड बोलली नव्हती. या वेळी मुलगा तिने स्वतः पाहिलेला, पुण्यात तिच्याच ऑफिसातला. मुलाच्या आईलाही मुलगी आवडली होती. अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी. धुळ्यात घर, शिंदखेड्याकडे शेती, डोक्यावर पांढरी टोपी, आणि तोंडातून शब्द काढायचा म्हणजे जणू घरचा खर्च. त्यांचा होकार आल्याशिवाय मुलगा पाऊल उचलणार नव्हता. माणसं कशी आहेत ते घरी जाऊन पाहीन आणि मग बोलेन, एवढाच त्यांचा निरोप होता. म्हणून रविवारी भरिताचं जेवण ठरलं. बायकोने मला एकच काम दिलं: वांगी आणायची, मशीनच्या दुकानातून आणायची, आणि वाटेत कोणाशी बोलायचं नाही.

एवढंसं काम. पण मी केलं म्हणजे त्यात काही ना काही होणारच.

पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले, तेव्हा मी अजून घरातच पायजमा शोधत होतो. वांगी आलेली नाहीत हे बायकोच्या चेहऱ्यावर सगळ्यांना वाचता आलं. मी मोटारसायकलची किल्ली उचलली, तसे मुलाचे वडील उठले.

"चला, मी बी येस," ते म्हणाले.

सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य. माणूस पाहायला आले होते, आणि माणूस बाजारात कसा वागतो यावरून बरंच कळतं असं त्यांच्या मनात असावं. बायकोने दारातून माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तिचा अर्थ एवढाच होता की आज तरी शहाण्यासारखं वागा.

दुकानात पहिली ठिणगी वांग्यांपाशीच पडली. भाजी आपणच पिशवीत भरून काट्यावर ठेवायची, पडद्यावरच्या चित्रांतून तिचं चित्र दाबायचं, की किमतीचं स्टिकर बाहेर येतं. वांगी होती, अगदी हवी तशी, हिरवी, पांढऱ्या रेघांची, असोद्याकडची, देठासकट. पण पडद्यावर त्यांचं चित्रच नाही. जांभळी लहान आहेत, जांभळी मोठी आहेत, लांबट आहेत, कुठल्या परदेशी कोबीची तीन रूपं आहेत. जळगावात उभं राहून हिरवं वांगं ओळखता येत नाही, आणि हे म्हणे हुशार मशीन. मी चिडून मोठ्या जांभळ्यावर बोट दाबलं. मुलाचे वडील मागे हात बांधून बघत होते. हिरव्या वांग्यांवर जांभळं स्टिकर लावताना मला आपण काहीतरी खोटं करतोय असं वाटलं, आणि ते त्यांनाही वाटलं असणार म्हणून मी उगाच हसलो.

मग ते घडलं. मला खरोखर आठवत नाही, इतकं ते सहज घडलं. वांग्यांशेजारच्या क्रेटमध्ये हिरव्या मिरच्या होत्या. माझा हात गेला, एक मूठ भरली आणि वांग्यांच्या पिशवीत पडली.

बाहेरच्या माणसाला ही चोरी वाटेल. आमच्याकडे भरताची वांगी घेतली की त्यावर मूठभर मिरच्या येतातच. मावशी टाकते, आणि ती विसरली तर आपण घेतो, ती बघत असताना. भरितासाठी मिरच्या वेगळ्या विकत घेणारा माणूस मी खानदेशात पाहिलेला नाही. बायकोने आणायला सांगितलेल्या सामानात मिरच्या नव्हत्या त्या याच कारणाने. वांगी येणार म्हणजे मिरच्या येणार. माझ्या हाताला हे माहीत होतं. स्टिकर लावून झालंय आणि इथं बघायला मावशी नाही, हे माहीत नव्हतं.

मशीनसमोर मी ऐटीत उभा राहिलो. पाहुण्यांवर छाप पाडायची होती. स्टिकर लाल उजेडासमोर धरलं, ट्यँ असा आवाज आला, पिशवी ताटावर ठेवली, आणि मशीन लाल झालं. इंग्रजीत एका बाईचा आवाज म्हणाला की ताटावर काहीतरी भलतं आहे. मी पिशवी उचलली, पुन्हा ठेवली. बाई तेच म्हणाली. मला वाटलं पिशवी नीट बसली नाही, म्हणून मी ती दाबून बसवली. ताटावर माणसाच्या हाताचा भार पडल्यावर वजनाचं काय होतं हे मला नंतर कळलं. बाईचा आवाज चढला नाही, पण ती थांबेना. मागे रांग वाढली. मी दोन्ही हात मोकळे करावेत म्हणून हेल्मेट ठेवायला जागा शोधली आणि ते ताटावरच ठेवलं.

"हाई कसाले बोंबली ऱ्हायनं?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

मी म्हणालो, काही नाही भाऊ, नवीन आहे ना, शिकतंय.

टाय बांधलेला मॅनेजर आला. त्याने हेल्मेट उतरवलं, माझ्याकडे बघितलं, पिशवीत हात घातला आणि एक मिरची बाहेर काढून उजेडात धरली, पोलीस पुरावा धरतात तशी.

"काका, याचं स्टिकर?"

मी म्हणालो, त्या वांग्यांबरोबरच्या आहेत. तो म्हणाला, वांग्यांबरोबर काही नसतं. मी आवाज चढवला, कारण मागे रांगेत आमच्या गल्लीतल्या दोघी उभ्या असलेल्या मला दिसल्या होत्या. गुपचूप वांगी न्यायला आलेला मी, आता सगळ्या जळगावाला वांगी दाखवत होतो. मी त्याला सुनावलं की काम आम्ही करायचं, बिल आम्ही करायचं, आणि वर चोरही आम्हीच. तुमच्या मशीनला साधं हिरवं वांगं ओळखता येत नाही, ते माणूस काय ओळखणार. रांगेतून कोणीतरी हसलं. मॅनेजर शांतपणे म्हणाला की आवाज नको, कॅमेरा आहे, आणि मशीनवरच्या छोट्या पडद्यावर त्याने ते चित्रण लावलं.

पडद्यावर मी होतो. मी आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे. पाहुणे कुठं गेले म्हणून बघत होतो मी, पण दिसत मात्र तसं नव्हतं. मग हात क्रेटकडे गेला. चोर म्हणून मी इतका शोभून दिसेन अशी माझी स्वतःचीही कल्पना नव्हती. शेजारी मुलीचा होणारा सासरा उभा, आणि समोर मी, मूठ मारताना. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, मागच्या खेपेच्या महिनाभराच्या अबोल्यातला. हेही गेलं, माझ्या मुठीने गेलं, असंच वाटलं.

चित्रण बंद करायला मॅनेजरने बोट पुढं केलं, पण ते पुढं सरकतच राहिलं. पडद्यावर मी वळून चालू लागलो. माझ्या मागून पांढरी टोपी आली. क्रेटपाशी थांबली. एक मिरची उचलून तिने नाकाशी धरली, मग मोठी मूठ भरली, माझ्यापेक्षा मोठी, आणि झटक्यात माझ्या हातातल्या पिशवीत टाकली. मला पत्ताही नव्हता.

मॅनेजर टोपीकडे बघू लागला. मीही.

मुलाच्या वडिलांचा चेहरा रागाने काळा झाला होता. सकाळपासून न बोललेलं सगळं त्यांनी तिथं उभ्या उभ्या बोलून घेतलं. "वांगा लिधात तर मिरच्या वरतून देतसच. धुळ्यामा देतस, शिंदखेडामा देतस. तुमना जळगावमाच चोरी व्हई गई का?" मॅनेजर म्हणाला, आबा, सिस्टीममध्ये तसं नाही. तर त्यांनी विचारलं, सिस्टीम कोण, बोलाव तिले. रांगेतले लोक आता आमच्या बाजूने बोलू लागले. एक बाई म्हणाली, बरोबर आहे त्यांचं, मलाही द्या मिरच्या.

मॅनेजर बिचारा हरला. म्हणाला, घेऊन जा फुकट. पण मशीन ऐकेना. त्यात काही फुकट देण्याची सोयच नाही. मिरच्या पिशवीत असेपर्यंत ते पैसे घेईना, आणि पैसे भरल्याशिवाय बाहेरचं फाटक उघडेना. शेवटी वांगी ताटावर, मिरच्या मॅनेजरच्या ओंजळीत, अशी वाटणी झाली. वांग्यांचे पैसे भरून आम्ही फाटकाबाहेर गेलो, आणि मॅनेजरने फाटकावरून हात लांब करून मिरच्या पुढं केल्या. त्या पिशवीत पुन्हा मिरच्या घालायची माझी हिंमत होईना. मुलाच्या वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुढं धरली.

नव्या सोयरिकीच्या घरी जाताना त्या वयाचा माणूस टोपी काढत नाही, हे सांगायला नको. ते माझ्या मागे उघड्या डोक्याने बसले, दोन्ही हातांत मिरच्यांनी भरलेली टोपी. माझा राग आता मशीनवर कमी आणि माझ्यावर जास्त होता. घर येईपर्यंत मी मनात पोरीची तीनदा माफी मागितली.

दारात बायको. तिने पाहुण्यांचं उघडं डोकं बघितलं, हातातली टोपी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. इतका उशीर का, हे विचारायला तिने तोंड उघडलं.

"गर्दी व्हती," मुलाचे वडील म्हणाले. "ल्या ताई, मिरच्या."

परसात तुरकाठ्यांच्या जाळावर वांगी भाजली, त्याच मिरच्या घालून लाकडी बडगीत कुटली, वर कांद्याची पात. मुलाचे वडील ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुरीबरोबर भरीत खात राहिले, मान वर न करता. हात धुऊन आल्यावर त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "पोर आमले पसंत शे." आतल्या खोलीत मुलीने काहीतरी पाडल्याचा आवाज आला.

गल्लीला संध्याकाळपर्यंत सगळं कळलं होतं. रांगेतल्या त्या दोघींनी आपलं काम केलं होतं. दुसऱ्या दिवशी शेठजींनी चष्म्यावरून बघत विचारलं, मिरच्या देऊ का. मशीन काही विचारत नाही म्हणून मी तिकडे गेलो होतो, आणि त्याने मला सबंध जळगावाच्या तोंडी दिलं. हा राग मी सोडणार नाही. आता हिरव्या वांग्याचं चित्र टाकलंय म्हणे पडद्यावर. टाका. मी येत नाही.

पुढे साखरपुडा धुळ्याला झाला. आहेर देताना मुलाच्या वडिलांनी मला टॉवेल दिला, नारळ दिला आणि नवी टोपी हातात ठेवली. टोपी जड लागली. आत बघितलं तर मूठभर हिरव्या मिरच्या. व्याही सरळ समोर बघत होते, चेहऱ्यावर काही नाही.

आमच्या घरीही ते टोपीतूनच मिरच्या घेऊन आले होते, तेव्हा बायकोला वाटलं, ही त्यांच्याकडची रीत असणार. तिने मला घाईघाईत त्यांच्याच स्वयंपाकघरात पिटाळलं, मिरच्या आणायला लावल्या आणि आमच्याकडून त्यांना द्यायच्या टोपीतही भरल्या. मागच्या महिन्यात तिच्या भाचीचा साखरपुडा झाला, तिथंही तिने सगळ्यांना बजावलं की शिंदखेड्याकडे टोपी रिकामी देत नाहीत. व्याहीही तिथं आले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं फक्त.