चपट्या बाजूचा अंगठा

सुलाबाई माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची. चौऱ्याऐंशी साल. सातपूरच्या एका शेडमध्ये आम्ही बायका कॉलेजच्या पोरांना शिकायचे कॉम्प्युटर जोडायचो. अख्खा कॉम्प्युटर एकाच भोकाभोकांच्या पाटीवर. वर लाल आकडे उमटायचे आणि ते पेटवायला ट्रान्झिस्टर लागायचे, डाळीएवढे, तीन पायांचे. सुला त्याच्या चपट्या बाजूवरून अंगठा फिरवायची की पाय बरोब्बर भोकांत. आम्ही म्हणायचो, काय हात आहे बाईचा!

हात कसला, डोंबल! तिला जवळचं दिसतच नव्हतं. पण चष्मा लागला की शेठ कामावरून काढायचा. आमच्यातल्या कुसाबाईला तसंच हाकललं होतं. सुलाचा नवरा वारलेला, घरात सासू अंथरुणाला खिळलेली. नोकरी गेली तर खायचं काय? म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा नाही, मेलीनं!

मग जुना माल मिळेना. शेठनं दुसऱ्या कंपनीचा आणला. दिसायला तोच, पण पाय उलटे. सुपरवायझर म्हणाला, "डब्यात दोन्ही आहेत. सत्तेचाळीस लिहिलेला नेहमीसारखा लावा, शून्य चारवाला फिरवून. नंबर वाचून घ्या." अंगठ्याला दोन्ही सारखेच लागायचे. सुला मान हलवून कामाला लागली.

संध्याकाळी तपासलं तर तिच्या पाट्यांवर आकडेच उमटेनात. शेठ तरातरा आला. एक शून्य चारवाला ट्रान्झिस्टर तिच्या तळहातावर ठेवून म्हणाला, "वाच."

सुलानं हात लांब केला, डोळे बारीक केले. मग ठणकावून म्हणाली, "सत्तेचाळीस."

दुसऱ्या दिवसापासून तिच्या स्टुलावर सिंधू नावाची कोवळी पोर बसायला लागली.

काही दिवसांनी सुला माझ्या घरी आली. नाकावर चष्मा, वस्तीतल्या बुद्धविहारात डोळे तपासायच्या शिबिरात फुकट मिळालेला. माझ्या पदराला अडकून घरी आलेला एक ट्रान्झिस्टर फळीवर पडला होता. तो तिनं उचलला आणि घडाघडा वाचला.

"शून्य चार! बघ गं मंगल, किती स्वच्छ दिसतं. शेठला सांगशील?"

सिंधूचं सांगायला माझी जीभच रेटेना. मला गप्प बघून ती घाईघाईनं चष्मा काढायला लागली.

"चष्म्याचं नको सांगू हं. शेठ आला की मी काढून ठेवत जाईन."