गाडीचं हसरं तोंड

शमशोन वाक्रुळकर मूर्ख माणूस होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला उगाच उमाळे यायला नकोत. मूर्ख, बढाईखोर, आणि हात मात्र असा की तो देवानं चुकून भलत्यालाच दिला असावा. भायखळ्याच्या गॅरेजात तो डेंटिंग-पेंटिंग करायचा. बायको वारल्यावर सहासष्ट साली मुलीला घेऊन इस्राएलात आला आणि लोदला आमच्याच इमारतीत राहायला लागला. मुंबईची नेली इथं निली झाली, आणि वर्षभरात बापाच्या मराठीला हिब्रूत उत्तरं देऊ लागली.

लोदच्या बाहेर तेव्हा एक लहानसा मोटारीचा कारखाना होता. दोन माणसांची, कापडी टपाची स्पोर्ट्स गाडी तिथं तयार व्हायची आणि बरीचशी परदेशी जायची. मी त्यात सीटा शिवायची. शमशोनला मीच तिथं चिकटवला. पण पत्रा ठोकण्यात जन्म गेलेला माणूस, आणि त्या गाडीला पत्राच नाही! सगळं अंग फायबरचं. मग साहेबांनी त्याला घासकामाच्या शेडमध्ये टाकला. दिवसभर फायबर घासायचं आणि ती काचेची बारीक धूळ छातीत भरून घ्यायची. तीन वर्षांत त्याला असा खोकला लागला की जिन्यात कोण चढतंय ते मला दार न उघडता कळायचं. कुपात होलीमच्या, म्हणजे कामगारांच्या दवाखान्यातल्या, डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, धुळीतून बाहेर पड, नाहीतर फार दिवस काढणार नाहीस.

बाहेर पडायची वाट एकच होती, ती म्हणजे नमुन्यांची खोली. तिथं नव्या भागांचे प्लास्टरचे नमुने बनत. मोठ्या खिडक्या, ओलं काम, धुळीचं नाव नाही. शमशोनचा जावई अव्नेर तिथंच नकाशे काढायचा. तो तान्हा असताना आईबापांनी कोकणातून इथं आणलेला. मराठी चांगली समजायची, बोलायची लाज वाटायची.

एकाहत्तरच्या सुमारास गाडीचा खप बसला. पाच-सहा वर्षं तेच तोंड बघून लोक कंटाळले होते. तेल अविवचे मालक म्हणाले, इंजिन राहू द्या, चाकं राहू द्या, गाडीचं तोंड तेवढं नवं करा. बाई चाळिशीत आली की पावडर-लाली वाढवते, तसलाच प्रकार. आणि ज्याच्या हातून तोंड साधेल, तो नमुन्यांच्या खोलीचा मुकादम होईल, असंही म्हणाले. अव्नेरनं नकाशा काढला. प्लास्टरला हात हवा म्हणून थोड्या दिवसांसाठी सासऱ्याला शेडमधून बोलावून घेतलं.

नकाशात गाडीचं तोंड सरळ होतं, पत्रपेटीच्या फटीसारखं. शमशोननं हेडलाइट आत घेतले, बोनेट उतरतं केलं, आणि जाळीची दोन्ही टोकं बोटभर वर उचलली. गाडी हसायला लागली. मी म्हटलं, "शमशोनभाऊ, नकाशात हे नाय. लोक हसतील."

"हसतील त्याचे दात दिसतील, मिलकाबाई," तो म्हणाला. "माझी गाडी पयली हसेल."

मालक आले त्या दिवशी आम्ही सगळे दारात गर्दी करून उभे होतो. नमुन्यावरून त्यांनी हात फिरवला, जाळीच्या टोकाशी येऊन ते स्वतःच हसले आणि वळून विचारलं, "मी आसा?"

आता हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण'. कोणी केलं, असं ते विचारत होते. पाच वर्षं या देशात काढलेल्या शमशोनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आनंदानं माणसाला आधी आपलीच भाषा सुचते. तो छाती पुढं काढून म्हणाला, "मी!"

मालकांना ऐकू आलं, 'कोण?' त्यांनी पुन्हा विचारलं, "मी?"

"मी! मी!" हा गाढव छातीवर हात आपटून ओरडतोय.

सगळी खोली खदखदून हसली. त्यांना वाटलं, म्हातारा पोपटासारखा मालकांचाच प्रश्न परत म्हणतोय. "अहो, तो 'अनी' म्हणतोय, 'अनी'!" मी दारातून हिब्रूत ओरडले, कारण 'मी'ला इथं 'अनी' म्हणतात. साहेब म्हणाले, तुम्ही तुमच्या सीटा बघा. त्या हशात एकच माणूस हसत नव्हता. शमशोन काय म्हणतोय ते मालकांच्या बाजूला उभ्या असलेल्या अव्नेरला बरोबर कळलं होतं. तो एक पाऊल पुढं आला आणि हळूच म्हणाला, "अनी."

शमशोननं वळून जावयाकडं पाहिलं. मला नंतर सांगत होता, "माला वाटला पोरगा मराठीतला 'आणि' बोलतोय. मी आणि... मंग पुढं आपलं नाव जोडील. मी वाट बघत रायलो." मालकांनी तोवर अव्नेरचा हात हातात घेतला होता.

अव्नेर मुकादम झाला. शमशोन शेडमध्ये परत गेला आणि स्वतःच बनवलेली हसरी तोंडं घासू लागला. शुक्रवारी लेकीकडं जाऊन त्यानं विषय काढला. निलीला दिवस गेले होते. ती हिब्रूत म्हणाली, "अब्बा, सोड ना. अव्नेर घेईल तुला आत." आज घेईल, उद्या घेईल म्हणत शमशोननं ती पावसाळी थंडी काढली. अव्नेरनं आत दुसराच माणूस घेतला. मी भर बाजारात त्याला गाठून विचारलं, तर म्हणाला, "शमशोन आला की लोक पुन्हा बोलायला लागतील." सासऱ्याला तो नावानंच हाक मारायचा. जावई दहावा ग्रह म्हणतात, पण ग्रहसुद्धा कधीतरी पालटतो हो!

नवं तोंड मात्र चाललं नाही. स्पोर्ट्स गाडी घेणाऱ्याला रागीट तोंड हवं असतं, हसरं नको. परदेशातल्या दुकानदारांनी कळवलं, की गिऱ्हाईक म्हणतं, ही गाडी येड्यासारखी दात काढते. मालक तणतणत आले आणि सगळ्यांना अंगणात उभं केलं. या वेळी त्यांनी कुणी केलं म्हणून विचारलंही नव्हतं. अव्नेरच आपणहून बोलला, अगदी खरं खरं. नकाशा सरळ होता, टोकं शमशोननं वर उचलली, हवं तर सीटावाल्या मिलकाबाईंना विचारा. मी काय खोटं सांगणार होते? शमशोनला त्याच दिवशी काढून टाकलं.

त्यानं शनिवार उलटल्यावर घरी मलिदा घातला. गोडाचे पोहे, खोबरं, केळी, खजूर, गुलाबाचं फूल, सगळं साग्रसंगीत. एलियाहू हनाबीचे, आमच्या यहुदी संदेष्ट्याचे, आभार मानायला म्हणे! तान्हं घेऊन निली आली, अव्नेर आला, सिनेगॉगची माणसं आली. प्रार्थना झाल्यावर हा खोकत खोकत उभा राहिला आणि म्हणाला, "गाडीचा तोंड मी केला, ते माझ्या जावयानं सगळ्यांसमोर बोलून दाखवला. देवानं माझी लाज राखली." लोक एकमेकांकडं बघू लागले. निलीनं मान खाली घातली. मला त्या क्षणी अव्नेरपेक्षा शमशोनचाच संताप आला.

"लाज कसली राखली, शमशोनभाऊ?" मी म्हटलं. "काम गेलं, छाती गेली. तुमाला हाकलून दिलाय त्यांनी!"

"दिला ना," तो म्हणाला. "पन मी केला म्हनून दिला."

आणि त्यानं अव्नेरच्या ताटलीत आणखी मलिदा वाढला.