‘आराम करा’ म्हटलं की भडकणाऱ्या प्रभाताई

‘आराम करा’ एवढं ऐकलं तरी प्रभाताईंच्या कपाळावरची शीर उठायची. मौद्याच्या शाळेत मुलींना कबड्डी शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्या मनीषनगरात, आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आल्या. या वयात ट्रॅकपँट घालून पळणं शोभतं का, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, “शोभेसाठी घरात फुलदाणी ठेवा.”

बेसा चौकात एका ट्रकने माझ्या स्कूटीला उडवलं. मोडलेलं हाड जुळलं, पण भीती गेली नाही. हॉर्न वाजला तरी तळहातांना घाम फुटायचा, छाती धडधडायची. घरच्यांनी माझं बाहेर पडणं बंद केलं. मी नोकरी सोडायची, हेसुद्धा मला न विचारता ठरलं, आणि वर त्याला माझी काळजी म्हणायचं!

प्रभाताईंना हे कळताच त्या वर आल्या आणि सासूबाईंना सरळ म्हणाल्या, “चांगल्या बाईले कपाटात काहून ठेवून राहिले तुम्ही?”

डॉक्टरांना विचारून त्या मला मैदानावर नेऊ लागल्या. आधी चालणं, मग पळणं. पहिल्यांदा धाप लागली तेव्हा मी घाबरून खाली बसले. अपघातानंतर उडायची तशीच छाती उडत होती. ताईंनी माझा हात माझ्याच छातीवर ठेवला.

“तू पळून राहिली, म्हणून काळीज धडधडून राहिलं. मरायची खूण नाही वं ही.”

पळून झालं की घामाघूम अंगानेच आम्ही त्याच बेसा चौकात जायचो आणि पानठेल्याशेजारी उभ्या राहून ट्रक बघायचो. पळून आल्यावर भीतीचा जोर कमी असायचा. तो का, ते डॉक्टर जाणोत. मला फरक कळत होता. हळूहळू मी पुन्हा स्कूटी काढली. नोकरी सुटली नाही.

गेल्या वर्षी कॅन्सरने ताईंना नेलं. शोकसभेत सोसायटीचे सचिव गंभीर चेहऱ्याने म्हणाले की, बाईंनी म्हातारपणी उगाच पळापळ केली, थोडा आराम केला असता तर आज असत्या. माना डोलल्या. माझ्या सासूबाईंचीही.

मी उठले. “त्यांना कॅन्सरने नेलं, पळण्याने नाही. पळण्याने मी घराबाहेर पडले. घरच्यांनी तर मला कोंडून ठेवलं होतं.”

कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. एवढं तापू नका, बसा जरा, म्हणाले.

मी बसले नाही.