आईच्या गाठीवरचा लेप

मस्कतला निघाले तेव्हा आई मला सोडायला दापोलीच्या एसटी स्टँडवर आली होती. गाडी लागली तसा तिने माझा हात धरला. "आता घरात नर्स आहे गो. मला कसली काळजी?" मला केवढा अभिमान वाटला होता!

तिकडे मी कॅन्सर वॉर्डात लागले. ड्युटीला जाण्याआधी आईला व्हिडिओ कॉल करायचे. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, छातीत गाठ लागतेय, तात्यांचा लेप चालू आहे. तात्या म्हणजे आमच्या केळशीतले झाडपाल्याचं औषध देणारे. मी भडकले. "आये, असल्या गाठी मी रोज बघते. उद्याच्या उद्या रत्नागिरीला जाऊन दाखव."

ती गेली, एकटीच. अर्धा दिवस रांगेत बसली. डॉक्टरांनी मान वर न करता तपासण्या लिहून दिल्या. गाठ कसली विचारलं तर म्हणाले, "रिपोर्ट आल्यावर बघू." ती पुन्हा गेलीच नाही.

"तात्या बसवून ऐकून घेतात," ती मला म्हणाली. "तुझे बाबा गेल्यापासून झोप लागत नाही, हेही त्यांनीच विचारलं. तू विचारलंस कधी?"

मी तिला अडाणी म्हटलं आणि फोन ठेवला. हॉस्पिटलची बस खाली उभी होती.

रजा मिळून मी आले तोवर आठ महिने उलटले होते. गाठ फुटली होती. मुंबईला नेलं, पण उशीर झाला होता. तीन महिन्यांत ती गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर मी तात्यांकडे भांडायला गेले. "माझ्या आईला तुम्ही मारलंत."

त्यांनी पुढ्यातला खल बाजूला सारला. "मी तिला दोनदा सांगितलं, हे माझ्या हातातलं नाही, मोठ्या इस्पितळात जा. तर म्हणाली, लेक येईल, तिच्यासोबत जाईन."

"मग लेप का देत राहिलात?"

"ती दारात यायची. परत कशी पाठवू?"

मी त्यांना माफ केलेलं नाही. त्या डॉक्टरांनाही नाही. पण वॉर्डात एखादी बाई उशीखाली काढ्याची बाटली लपवते, तेव्हा मी आता ओरडत नाही. खुर्ची ओढून बसते. सोबत कोण आलंय, ते आधी विचारते.

माझ्यासारखे बाहेर गेलेले तुम्ही सगळे घर म्हटलं की समुद्राची, आंब्यांची आठवण काढता. मला घर म्हटलं की एवढंच आठवतं: तिथे एक बाई माझी वाट बघत होती, आणि मी तिला फोनवरून शहाणपण शिकवत होते.